कोर्ट शोधण्याआधी चौकडी शोधा

नागपूरच्या वाचकांचे प्रश्न : या वेळी फक्त पॅडेल, म्हणजे भिंतींनी वेढलेल्या कोर्टावर चौघांनी खेळायचा टेनिससारखा खेळ

प्रश्न : फोनवर नकाशात ‘पॅडेल’ शोधलं तर अर्धी ठिकाणं पिकलबॉलची निघतात. एका ठिकाणी पाटी पॅडेलची होती आणि आत फुटबॉलच्या टर्फवर नुसतं नेट बांधलेलं. खरं कोर्ट ओळखायचं कसं? घरून निघण्याआधीच कळलं तर बरं. शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे पेट्रोलही जातं आणि संध्याकाळही.
— मनीषनगरच्या एक वाचक

उत्तर : घोळ स्पेलिंगपासूनच सुरू होतो. या खेळाच्या इंग्रजी नावात शेवटी ‘ई-एल’ येतं. तिथं ‘डी’ दोनदा आणि शेवटी ‘एल-ई’ लिहिलं की त्याचं ‘पॅडल’ होतं, म्हणजे वल्हं. पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टावर प्लॅस्टिकच्या चेंडूनं खेळायचा खेळ, त्याच्या बॅटलाही पॅडलच म्हणतात, त्यामुळे नकाशा दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. शोधताना ‘पी-ए-डी-ई-एल’ असं लिहा आणि पुढे नागपूर जोडा. मग एकदा चुकीच्या स्पेलिंगनंही शोधा, कारण मालकानं स्वतःच पाटीवर ते चुकवलेलं असू शकतं. प्लेओ, हडल, खेलोमोअर यांसारख्या ॲपवर शहर नागपूर निवडून बघा. पॅडेलचा वेगळा विभाग दिसला नाही तर टेनिसमध्ये आणि ‘इतर’मध्येही डोकवा.

त्यानंतर फोटो. मालकानं टाकलेलं चकचकीत थ्रीडी चित्र सोडून द्या. खेळून गेलेल्या लोकांनी काढलेले फोटो बघा आणि त्यांची तारीखही बघा. फोटोत काच शोधा. पॅडेलचं कोर्ट आतून २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. दोन्ही टोकांच्या मागच्या भिंती काचेच्या, ३ मीटर उंच, आणि त्यांच्यावर १ मीटर जाळी. काच कोपऱ्यातून बाजूला वळते तेव्हा पहिले २ मीटर तिची उंची ३ मीटर राहते, पुढचे २ मीटर पायरी उतरल्यासारखी २ मीटर. मधल्या भागात लोखंडी जाळी. ही पायरी फोटोत चटकन दिसते आणि दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या कोर्टाला ती नसते. काचेऐवजी सिमेंटची पक्की भिंत असली तरी नियमात बसते, पण भिंत हवीच. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कोर्कुएरा यांनी घरच्या आवारात भिंती असलेलं कोर्ट केलं, तेव्हापासून भिंत हा या खेळाचा अर्धा जीव आहे. चेंडू जमिनीवर एक टप्पा घेतो, मागच्या काचेवर आपटून परत येतो, आणि तिथून तो मारायचा असतो. काचेवरून येणारा चेंडू सांगून येतो, जाळीवरून येणारा कुठेही जातो. चारी बाजूंना नुसती जाळी लावून त्याला कोणी पॅडेल म्हणत असेल तर तिथं पैसे घालू नका.

खात्री मात्र फोनवरच होते. चार गोष्टी विचारा. मागची भिंत काचेची का? गवतात रेती आहे का रबराचे दाणे? वर छप्पर असेल तर किती उंच? आणि कोर्ट किती आहेत? पॅडेलचं गवत बुटकं, साधारण १० ते १२ मिलिमीटरचं असतं आणि त्यात बारीक सिलिका रेती भरलेली असते. फुटबॉलच्या टर्फचं गवत याच्या तिप्पट-चौपट उंच, त्यावर चेंडू नीट उसळतच नाही. छप्पर किमान ६ मीटर, म्हणजे जवळपास २० फूट, मोकळं हवं. पंधरा फुटांच्या टिनाच्या शेडमध्ये प्रत्येक लॉब, म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून उंच मारलेला चेंडू, पत्र्याला लागतो आणि लॉबशिवाय पॅडेल म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

पिकलबॉलचं एवढं पीक का, तेही सांगून टाकतो. त्याचं कोर्ट सुमारे १३.४ मीटर बाय ६.१ मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढं. असलेल्या हॉलमध्ये रेषा मारल्या आणि नेट सुमारे दोन फूट खाली घेतलं की झालं. पॅडेलला पाया, लोखंड, काच, गवत असं सगळं नव्यानं लागतं. म्हणून पुढची काही वर्षं पिकलबॉलची कोर्टं जास्त आणि पॅडेलची मोजकी, हे धरूनच बुकिंगचा विचार करायचा.

प्रश्न : भाऊ, आम्ही शनिवारी रात्री १२ चा स्लॉट ॲपवरून घेतला, पैसे कटले. पोचलो तर दुसरेच चौघं खेळत होते. तिथला पोरगा म्हणे, तुमचं बुकिंग काल रात्रीचं होतं. वरून परत पैसे मागितले. चूक कोणाची?
— त्रिमूर्तीनगरच्या मित्रमंडळाकडून

उत्तर : यात ॲपची चूक नाही, पण ॲपनं सावध केलं असतं तर बरं झालं असतं. रात्री १२ वाजले की तारीख बदलते. ‘शनिवार, १२ ते १’ म्हणजे शुक्रवारची रात्र संपून शनिवार लागतो तो तास. तुम्हाला हवा होता तो तास ॲपच्या हिशेबात रविवारचा. उन्हाळ्यात नागपुरात अकरा-बाराचे स्लॉटच आधी भरतात, त्यामुळे ही चूक इथं वारंवार होणार. उपाय सोपा आहे. ॲपवर पैसे भरले तरी मालकाच्या व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा : ‘शनिवार १४ तारीख संपून रविवार १५ लागते ती रात्र, १२ ते १.३०, कोर्ट क्रमांक १, एकूण रक्कम इतकी, ॲडव्हान्स इतका दिला.’ त्यावर उत्तर आलं की मगच बाकी तिघांना कळवा.

या ओळीचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. बऱ्याच ठिकाणी बुकिंग दोन जागी लिहिलं जातं, एक ॲपवर आणि एक काउंटरवरच्या वहीत. फोनवर आलेला स्लॉट वहीत चढतो आणि ॲपवर बंद करायचा राहून जातो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये सहा कोर्टं असतात, एखादा स्लॉट दोघांना गेला तर शेजारचं कोर्ट देऊन निभावतं. पॅडेलचं कोर्ट एकच असेल तर निभावायला जागाच नाही.

आता पैसे. दर कोर्टाचा आहे की माणशी, हे पहिल्या वाक्यात विचारा. समजा कोर्टाचा दर ताशी १,६०० रुपये आणि जीएसटी वेगळा. १८ टक्के धरून १,८८८ होतात, चौघांत ४७२ आणि तिघांत जवळपास ६३०. रॅकेटचं भाडं माणशी १०० धरलं तर तेही वर. जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक असायलाच हवा. नोंदणी नसलेल्या मालकाला हा कर वसूल करता येत नाही. दिव्यांचे पैसे वेगळे का, आणि वेगळे असतील तर किती वाजेपासून, हेही विचारा. ‘संध्याकाळी ६ नंतर’ हा नियम मुंबईवरून जसाच्या तसा उचललेला असला तर त्याचा तुम्हाला फायदाच आहे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला असल्यानं आपल्याकडे सूर्य सुमारे २५ मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच मावळतो, म्हणजे पाच ते सहाच्या स्लॉटमध्ये दिवे लागणारच. ते कोणाच्या पैशानं, हे आधीच ठरलेलं बरं.

एक तास घ्यावा का दीड? नवख्या चौघांनी दीड. एका तासात दहा मिनिटं हात मोकळे करण्यात जातात, मग एक सेट होतो, आणि रंग चढायला लागतो तोच बाहेरची मंडळी दारात उभी. पॅडेलचा हिशेब टेनिससारखाच, १५-३०-४०, सहा गेमचा सेट. दीड तासात बहुतेक वेळा दोन सेट बसतात.

रद्द केल्यास पैसे कधी परत, हे विचारताना ‘परत’ म्हणजे खात्यात की ॲपच्या वॉलेटमध्ये, हेही विचारा. वॉलेटमधले पैसे त्याच ॲपवर खर्चावे लागतात, आणि ते कोर्ट ॲपवरून निघून गेलं तर बसा क्रिकेटची बॉक्स बुक करत.

आमचं मत विचाराल तर एकेक स्लॉट शोधत बसण्याच्या फंदात पडूच नका. चार माणसं पक्की करा, आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवा, आणि मालकाशी महिनाभराचं बोलून घ्या. मंगळवारी सकाळी ५.३० ते ७ असला स्लॉट मालकालाही सोन्यासारखा, कारण तो रिकामाच जातो. दरात घासाघीस तिथंच चालते. पण ॲडव्हान्स एका महिन्याच्या पुढे देऊ नका. नवा खेळ, नवी जागा. कोर्ट बंद पडलं तर पैसे काढणं जिवावर येतं.

प्रश्न : आम्ही तिघी आहोत. चौथी मिळत नाही. दोघी-तिघींत खेळता येतं का, की कोर्टवालेच कोणी जोडून देतात?
— धरमपेठेतून एक वाचक

उत्तर : पॅडेल चौघांचाच खेळ आहे. एकेरीसाठी २० बाय ६ मीटरचं अरुंद कोर्ट असतं, पण जिथं दुहेरी कोर्टच नवं आहे तिथं त्याची वाट बघू नका. दोघीच असाल तर मोठ्या कोर्टाचा फक्त तिरका अर्धा भाग वापरा. तुमच्या उजव्या चौकोनातून समोरच्या उजव्या चौकोनात, मागच्या काचेसह. काचेचा अंदाज यायला यापेक्षा चांगला सराव नाही. तिघी असाल तर एकीकडे दोघी आणि एकीकडे एक, एकटीनं आपला अर्धाच भाग राखायचा आणि दर चार गेमनंतर जागा बदलायची.

कोर्टांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, बुकिंग करताना त्यात घ्यायला सांगा. ग्रुपवर ‘एक जागा आहे’ एवढंच टाकलं तर कोणीही येतं आणि दोन्ही बाजू कंटाळतात. वार, वेळ, माणशी पैसे आणि खेळाची पातळी असं चारही लिहा. पातळी सांगताना ‘इंटरमीडिएट’ लिहू नका, तो शब्द सगळेच लिहितात. काय जमतं ते लिहा : सर्व्हिस आत पडते, मागच्या काचेवरचा चेंडू दहातले पाच वेळा परत जातो, नेटपाशी व्हॉली (टप्पा पडण्याआधीच चेंडू मारणं) जमत नाही. अशा ओळीवर अंदाज बरोबर बसतो. नवीन माणसाकडून त्याचा हिस्सा आधीच यूपीआयनं घ्या. यात ओशाळण्यासारखं काही नाही. पैसे दिलेला माणूस उठून येतो, न दिलेल्याला थंडीत पहाटे अचानक ताप येतो.

प्रश्न : मे महिन्यात आणि पावसाळ्यात कुठले स्लॉट घ्यावे? इथलं कोर्ट उघड्यावर आहे.
— हिंगणा रोडवरून

उत्तर : मे महिन्यात सकाळी ८ ते संध्याकाळी ७ हा काळ विसरा, फुकट दिला तरी. पारा ४५ ला टेकतो तेव्हा कृत्रिम गवत हवेपेक्षा बरंच जास्त तापलेलं असतं, आणि दोन्ही टोकांच्या काचांमुळे वारा आत फिरत नाही. मे अखेरीस, नवतपाच्या दिवसांत, साडेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो. तेव्हा पहाटे पाच ते साडेसहा हा सगळ्यात चांगला स्लॉट, रात्रभरात गवत निवलेलं असतं. संध्याकाळी मात्र ते नऊच्या आधी पुरतं निवत नाही. उष्णतेत चेंडूतली हवा फुगते, तो जास्त उसळतो, आणि नवख्यांना वाटतं आपलंच काही चुकतंय. लॉब जरा आखडता मारा.

पावसाची रिमझिम थांबली की कोर्टवाले वायपर फिरवून ‘या’ म्हणतात. गवतातलं पाणी खरंच लवकर निचरतं. अडतं ते काचेवर. ओल्या काचेवरून चेंडू उसळून बाहेर येण्याऐवजी घसरून खाली पडतो आणि भिजलेला चेंडू जड होतो. काचेला आतून हात लावून बघा. ओली असेल तर नेटपाशी व्हॉलीचा सराव करा किंवा स्लॉट पुढे ढकलून मागा. म्हणूनच जून ते सप्टेंबरच्या बुकिंगमध्ये ‘पावसामुळे न खेळता आल्यास दुसरा स्लॉट’ हे आधी लिहून घ्यायचं, आणि अर्ध्यात पाऊस आला तर किती मिनिटांपुढे पूर्ण पैसे धरणार, हेही. विजा चमकायला लागल्या तर मात्र वाद घालू नका, बाहेर पडा. तुम्ही लोखंडाच्या पिंजऱ्याला खेटून, दिव्यांच्या उंच खांबांखाली उभे असता.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं आणि काच तशीच ओली असते. तेव्हा सकाळी साडेआठनंतर जा, किंवा रात्री आठच्या आत आटपा.

प्रश्न : आमची बेसा भागात मोकळी जागा आहे. क्रिकेट-फुटबॉलचं टर्फ चालवतो, बाजूला एक पॅडेल कोर्ट टाकायचा विचार आहे. जागा किती लागेल? खेळणाऱ्यांच्या तक्रारी कशाच्या येतात?
— एक टर्फचालक वाचक

उत्तर : आतलं माप २० बाय १० मीटर. पायाची बीम, पाण्याची नाली आणि काच बसवणाऱ्यांना फिरायला जागा धरून २२ बाय १२ तरी मोकळी ठेवा. लांबी उत्तर-दक्षिण घ्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन कोणाच्या थेट डोळ्यांत जात नाही. दिवे बाजूंच्या खांबांवर, कोर्टाच्या डोक्यावर मधोमध नाही, नाहीतर लॉबकडे बघणारा आंधळा होतो.

आपल्याकडे खरी अडचण मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता काँक्रीटचा थर टाकला तर वर्षा-दोन वर्षांत पाया हलतो आणि काचेचे खांब कलतात. ही काच १० किंवा १२ मिलिमीटरची, टफन (तापवून कडक) केलेली असते. बोल्टची छिद्रं कारखान्यातच पाडून येतात, नंतर ती कापता येत नाही की छिद्र हलवता येत नाही. खांब थोडा कलला की छिद्रं जुळत नाहीत. मग कामगार बोल्ट आवळून काच ओढून बसवतो, ताण छिद्राशी साठतो आणि एखाद्या दुपारी कोणी हातही न लावता पूर्ण काच भुगा होऊन खाली येते. म्हणून काळी माती काढा, मुरूम थराथरानं दाबून भरा, आणि चारी बाजूंनी सलग आरसीसी बीम घेऊन त्यात खांब रोवा. काच आणि लोखंडाच्या मध्ये रबराचा पॅड प्रत्येक बोल्टला हवाच. किती खोल खणायचं ते माती तपासून इंजिनिअरनं ठरवू द्या, काच विकणाऱ्यानं नाही.

तक्रारी बहुतेक रेतीच्या येतात. ती कोपऱ्यांत साचते, मधलं गवत उघडं पडून झोपतं आणि पाय सटकतो. आठवड्यातून एकदा ताठ झाडूनं कोपऱ्यांतली रेती मध्ये ओढायची. दुसरी तक्रार जुन्या चेंडूंची. पक्क्या फरशीवर पाच फुटांवरून सोडलेला चेंडू अडीच फुटांच्या वर उसळत नसेल तर तो भाड्याच्या टोपलीत ठेवू नका. आणि कमाईचा हिशेब २४ तासांवर करू नका. मे महिन्यात खेळण्याजोगे तास जेमतेम आठ : पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सात ते बारा.

प्रश्न : मुलाकडे स्पेनला चाललो आहोत. तिथं पाहुण्यांना कोर्ट मिळतं का?
— सिव्हिल लाइन्सच्या वाचक

उत्तर : सहज. १९७४ मध्ये मार्बेयात स्पेनमधली पहिली कोर्टं झाली, आज नगरपालिकेच्या क्रीडासंकुलांतही असतात. प्लेटॉमिक हे ॲप तिथं सर्रास चालतं. नोंदणी करताना काही प्रश्न विचारून ते तुमची पातळी ० ते ७ मध्ये ठरवतं. उत्तरं नम्रपणे द्या, नाहीतर पहिल्याच सामन्यात तिघं अनोळखी लोक तुमच्याकडे बघत राहतील. खुल्या सामन्यात एकट्यानं नाव टाकता येतं आणि आपल्या हिश्शाचेच पैसे जातात. स्लॉट साधारण दीड तासाचा. यूपीआयवर विसंबू नका, कार्ड लागेल. त्यावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करून घ्या. आणि घरबसल्या बुक करणार असाल तर तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं.

प्रश्न : टेनिसची रॅकेट आणि फुटबॉलचे स्टड चालतील का?
— मानकापूरहून

उत्तर : दोन्ही नाही. पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. भोकं असलेली ती भरीव फळी फार तर ४५.५ सेंटिमीटर लांब असते, आणि तिची दोरी मनगटात अडकवणं नियमानं सक्तीचं आहे, कारण सुटलेली रॅकेट थेट जोडीदाराच्या तोंडावर जाते. पहिले दहा-बारा वेळा भाड्याचीच घ्या. स्टडनं बुटकं गवत उपटून निघतं आणि कोर्टवाले आत घेत नाहीत. टेनिसचे, तळाला नागमोडी खाचा असलेले बूट पुरतात.